मदत हवी आहे: जुने चांदीचे रुपये घ्यावेत की सराफाकडची ९९९ ची (९९.९ टक्के शुद्ध) नाणी?

नमस्कार मंडळी,

मुलीच्या नावाने दर दिवाळीला थोडी थोडी चांदी साठवायची असं घरात ठरलंय. दागिने नकोत, घडणावळ पाण्यात जाते. भाऊ सिल्व्हर ईटीएफ (चांदीच्या दराशी जोडलेला, शेअर बाजारात मिळणारा फंड) घे म्हणतो. त्याचं चूक नाही, पण मला पुढे तिच्या हातावर ठेवता येईल अशी वस्तू हवी आहे.

सराफाकडे लक्ष्मीचं १० ग्रॅमचं नाणं त्या दिवसाचा दर, मजुरी आणि वर ३ टक्के जीएसटी असं पडतं. परत घेताना काय, असं विचारलं. आमचंच असेल, बिल असेल तर दराने घेऊ. दुसऱ्या पेढीचं असेल तर आटवून टंच (शुद्धता) काढावा लागेल, म्हणाले. मजुरी आणि जीएसटी दोन्हीकडे गेलेच.

दुसरीकडे ओळखीतले एक काका त्यांच्या आजीच्या डब्यातले रुपये विकताहेत. राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचे), एडवर्ड, पंचम जॉर्ज, सहावा जॉर्ज, सगळे नगाला एकाच भावाने. बहुतेक झिजलेत, कडेच्या खाचा बोटाला जेमतेम लागतात. एक राणीछाप मात्र आत्ताच टांकसाळीतून आल्यासारखा चकचकीत आहे आणि तोच मला खटकतोय. सगळ्यांना एकच भाव योग्य आहे का? खरा-खोटा घरी कसा ओळखायचा? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:
ताई, एकच भाव अजिबात देऊ नका. आधी सालं बघून ढीग वेगळे करा. १९३९ पर्यंतच्या रुपयात ९१.७ टक्के चांदी, म्हणजे ११.६६ ग्रॅममध्ये सुमारे १०.७ ग्रॅम. दुसऱ्या महायुद्धात, १९४० पासून, ती ५० टक्क्यांवर आणली. त्यामुळे १९४० ते ४५ च्या रुपयात जेमतेम ५.८ ग्रॅम निघते. १९४७ चा, मागे वाघ असलेला, तर निकेलचा, चुंबकाला चिकटतो.

पण नुसत्या चुंबकावर जाऊ नका, जर्मन सिल्व्हरही (तांबं, निकेल, जस्ताचा मिश्रधातू, त्यात चांदी नसते) चिकटत नाही. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. त्यावर पाण्याचा हलका पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. रुपया दोऱ्याने पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. काट्यावर येईल त्या आकड्याने रुपयाच्या कोरड्या वजनाला भागा, ती धातूची घनता. १९३९ पर्यंतचा अस्सल रुपया १०.३ च्या आसपास येतो, जर्मन सिल्व्हर ८.५ च्या.

लक्ष्मीपूजनाला चिंचेने घासायची सवय असेल तर या रुपयांना ती लावू नका. घासलेल्या नाण्याला संग्राहक कमी देतात. १९११ चा पंचम जॉर्ज निघाला तर मोडीत तर मुळीच घालू नका. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि सरकारने तो रुपया मागे घेतला. त्याला चांदीपेक्षा पुष्कळ जास्त मिळतं.

काकांकडून तारीख आणि रक्कम लिहून घ्या. २४ महिन्यांनंतर विकलंत तर नफ्यावर १२.५ टक्के कर आहे, तेव्हा खरेदीचा कागद लागेल.

धागाकर्ती:
मनापासून आभार! सालांप्रमाणे वेगळा भाव लावायला काका लगेच तयार झाले. १९११ चा नाही निघाला. झिजलेले राणीछाप १०.२ ते १०.३ आले, ते मी घेतेय. चकचकीत रुपया मात्र पुन्हा पुन्हा ८.६ च येतोय. आजीने स्वतः जपून ठेवलेला म्हणून काकांना तोच सगळ्यात प्रिय आहे. त्यांना न दुखवता हे कसं सांगावं, कोणी सुचवेल का?