मदत हवी आहे: सात पिल्लांमधलं एक वाढतच नाहीये

विक्रोळीकर

नमस्कार. कन्नमवार नगरात आमच्या इमारतीच्या जिन्याखाली ठमी नावाची भटकी कुत्री गेल्या रविवारी पहाटे व्याली. सात पिल्लं, सगळी जिवंत. गेल्या हिवाळ्यात पहिल्या वेताला चारच होती. ठमी आता साधारण तीन वर्षांची असेल. माणसाळलेली आहे, पिल्लांना हात लावू देते, म्हणून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रोज सकाळी सगळ्यांची वजनं घेतोय.

काळजी आहे ती कपाळावर पांढरा ठिपका असलेल्या मादी पिल्लाची. जन्मली तेव्हा १९० ग्रॅम होती, बाकीची २८० ते ३२०च्या दरम्यान. आज शुक्रवार. बाकीची चारशेच्या आसपास पोचली आणि ही अजून २०५वर. सड तोंडात धरते, पण दोन दांडगे भाऊ तिला रेटून जागा घेतात. मग बाजूला पडून कुंईकुंई करत राहते. इतर पिल्लं पिऊन गाढ झोपतात, हिचं रडणं थांबत नाही.

हिला वरचं दूध पाजू का? की दांडग्या दोघांना थोडा वेळ बाजूला ठेवू? आणि सात पिल्लं ठमीला झेपतील का? या खेपेला गाभण असताना तळमजल्यावरच्या आजींनी तिला रोज भात आणि कोंबडीच्या पायांचं पाणी घातलं. गेल्या वर्षी असं काही मिळालं नव्हतं. त्यामुळेच पिल्लांची संख्या वाढली का?

इमारतीत एकजण म्हणाले, दुबळं पिल्लू जायचंच, निसर्गाला करू दे त्याचं काम. मला पटत नाही. माणसांच्या वस्तीत, फरशीवर जन्मलेली पिल्लं आहेत ही, इथे सगळं निसर्गावर कसं सोपवणार? ही जगावी असं मनापासून वाटतंय. जाणकारांनी कृपया लवकर सांगा.

शुभदा

दूध नंतर. आधी तिच्या पोटाला आणि तोंडाच्या आत बोट लावून बघा, गार लागतंय का? पहिल्या आठवड्यात पिल्लांना अंगात पुरेशी ऊब धरता येत नाही, कुडकुडताही येत नाही. गार पडलेल्या पिल्लाचं आतडं मंदावतं, तशात पाजलेलं दूध पचत नाही. प्लॅस्टिकच्या बाटलीत कोमट पाणी भरा, जाड फडक्यात गुंडाळा आणि तिच्या शेजारी ठेवा. नको वाटलं तर तिला बाजूला सरकता येईल एवढी जागा हवी. ऊब हळूहळू द्यायची. फरशीवर पुठ्ठा, वर गोणपाट आणि जुनी चादर आजच घाला. जानेवारीत मुंबईची फरशीसुद्धा पहाटे चांगली गार असते.

अंग उबदार झालं की मागच्या सडांना लावा, तिथे दूध जास्त असतं. त्या वेळी दोघा भावांना टोपलीत, ठमीच्या डोळ्यांसमोरच ठेवा. दर दोन-तीन तासांनी हे करायला हवं, रात्रीसुद्धा. शेजाऱ्यांत पाळ्या लावा.

एवढ्याने वजन वाढलं नाही तर वरचं दूध. गाईचं मात्र नको. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश ९ टक्क्यांच्या आसपास आणि प्रथिनं ७-८ टक्के असतात, गाईच्या दुधात साधारण ४ आणि सव्वातीन. साखर उलट गाईच्या दुधात जास्त, त्याने पिल्लांना हगवण लागते. कुत्र्याच्या पिल्लांसाठीची दूध पावडर मिळते, ती आणा. पाजताना पिल्लू पालथंच हवं. तान्ह्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं, बरीच पिल्लं अशीच दगावतात.

टाळूला चीर नाही ना, तेही बघा. पिताना नाकातून दूध येत असेल तर तेच कारण असू शकतं. निरोगी पिल्लाचं वजन सात ते दहा दिवसांत दुप्पट होतं. पाच दिवसांत १५ ग्रॅम फारच कमी, तेव्हा आजच डॉक्टरांना दाखवा. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात नेता येईल.

संख्येबद्दल: खाण्याचा हातभार असेल, पण वय आणि दुसरं वेत हे मोठं कारण वाटतं. पहिल्या वेतात पिल्लं बहुधा कमी असतात, तीन-चार वर्षांच्या वयात सर्वात जास्त, पुढे उतरत जातात. कुत्रीचा आकारही महत्त्वाचा, छोट्या जातींना तीन-चार, थोराड जातींना सात-आठ किंवा जास्त. नराचा वाटा थोडा, कारण किती बीजं सुटली ते मादीवर असतं. लहान पिल्लू म्हणजे शेंडेफळ, हाही गैरसमज. गर्भाशयात ज्याला वार नीट पोसत नाही ते लहान राहतं, मग ते पहिलं जन्मलेलं का असेना.

तळकोकण

शुभदाताईंशी सहमत. आमच्या गावी शेळीला तिळी झाली की हेच होतं. सड दोन, करडं तीन, तिसरं कायम मागे. कुत्रीला साधारण दहा सड असतात, त्यामुळे सातांना जागा कमी नाही. खरं भांडण भरल्या सडासाठी आहे. एक विचारतो, पहिल्या दिवशी तिला चीक मिळाला होता का? कुत्र्यांत रोगप्रतिकारक घटक वारेतून फार थोडे जातात, बहुतेक चिकातूनच मिळतात, आणि जन्मानंतर २४ तासांनी आतडं ते शोषत नाही. मिळाला नसेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

विक्रोळीकर

मनापासून आभार. अंग गारच होतं. ऊब दिल्यावर तासाभरात रडणं थांबलं. संध्याकाळी डॉक्टरांना दाखवलं, टाळू व्यवस्थित आहे. पहिल्या दिवशी ती प्यायली होती, हे आजींनी पाहिलंय. रात्रभर चार घरांनी पाळ्या केल्या. आज सकाळी वजन २२१! दूध पावडरही आणली आहे. आता ठमीला कॅल्शियमच्या गोळ्या द्याव्यात का? आणि नसबंदी कधी करायची?

शुभदा

२२१ वाचून फार बरं वाटलं! वजनं घेत राहा. गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नकोत. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दूध सर्वात जास्त असतं, तेव्हा ठमीला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट खाणं लागेल. ते दिवसातून तीन-चार वेळा विभागून द्या, पाणी कायम भरलेलं हवं. तेव्हा ती थरथरायला लागली, पाय ताठरले किंवा नुसती धापा टाकू लागली, तर रक्तातलं कॅल्शियम उतरलेलं असू शकतं. रात्र असली तरी लगेच न्यायचं. पिल्लं दोन आठवड्यांची झाली की डॉक्टरांना विचारून जंताचं औषध सुरू करा. नसबंदी पिल्लं सुटून तिचं दूध आटल्यावर. पालिकेच्या नसबंदी कार्यक्रमासाठी वॉर्ड ऑफिसात चौकशी आत्ताच करून ठेवा.