आईची केमो चालू आहे, हातापायाला मुंग्या यायल्यात, पण डॉक्टरला सांगू नको म्हणतीय

उदगीरची लेक
नमस्कार सगळ्यांना. आईला अंडाशयाचा कॅन्सर आहे, तिसरी स्टेज. पोटात पाणी झालं होतं म्हणून डॉक्टर म्हणले आधी तीन केमो, मग ऑपरेशन, मग राहिलेल्या तीन. पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन, दर २१ दिवसाला. ऑपरेशन चांगलं झालं, आता नंतरच्या केमो चालू झाल्यात अन् ह्या वेळेस लई त्रास व्हायलाय. केमो झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या, पिंढऱ्या, गुडघे असे ठणकतात की रात्र रात्र झोप नाही. तोंडाला चव नाही, भाकर कडू लागती, पाणी सुद्धा लोखंडी लागतंय म्हणती. अन् तळहाताला तळपायाला सारख्या मुंग्या. डॉक्टरनं विचारलं की मात्र "बरी हाय साहेब" एवढंच बोलती. तिला वाटतंय सांगितलं तर केमो बंद करतील अन् आजार परत वाढंल. त्यात भेटायला येणारे रोज एक नवं औषध सांगायलेत, एकानं गुळवेलाचं चूर्ण आणून दिलंय, देऊ का? ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी प्लीज सांगा.

परभणीची मावशी
बाळा, मला हाच आजार झाला होता अन् हीच दोन औषधं होती, त्यामुळं आईचं दुखणं मला चांगलं कळतंय. तो ठणका पॅक्लिटॅक्सेलचा असतो, काही दिवसात आपोआप उतरतो, पण तोवर सोसत बसायचं कारण नाही, डॉक्टर त्याच्यासाठी गोळी लिहून देतात.

मुंग्यांचं मात्र आजच्या आज सांगा. त्या औषधानं नसा दुखावतात अन् प्रत्येक केमोगणिक ते वाढत जातं. वेळेवर कळलं तर डॉक्टर डोस उतरवतात नाहीतर औषध बदलतात. माझा डोस उतरवला होता, उपचार थांबला नाही, हे आईला माझं नाव सांगून सांगा. लपवून ठेवलं तर केमो संपल्यावर सुद्धा बधिरपणा मागं राहू शकतो. आपल्याकडच्या बायांना दुखणं सांगायची सवयच नाही, लेकराला ताण नको म्हणून गप बसतात.

आणि नुसतं "थोड्या मुंग्या येतात" म्हणू नका, डॉक्टर पण थोडंच लिहून घेतील. ब्लाऊजचे हुक लावता येतात का, सुईत दोरा ओवता येतो का, चालताना पायाखालची फरशी कळती का, पायातून चप्पल निसटती का, हे सांगा. तव्यावरची भाकर हातानं उलटू देऊ नका, चटका बसलेला कळत नाही. आंघोळीचं पाणी दुसऱ्यानं हात घालून बघायचं. घरात पण चप्पल घालायची, शेतात अनवाणी तर अजिबात नाही.

खाण्याचं म्हणशील तर मला गरम जेवणाचा वासच सहन होत नव्हता, गार झालेलं जायचं. ज्वारीच्या कण्या शिजवून ताज्या ताकात कालवलेल्या, मऊ वरणभात, उकडलेलं अंडं, शेंगदाण्याचा कूट घातलेली पातळ भाजी. एका वेळेला घास-दोन घास, पण दिवसातून सारखं सारखं. लोखंडी चव लागती तर स्टीलचा चमचा बाजूला ठेवा, प्लास्टिकचा द्या. तोंड आलेलं नसंल तर लिंबू चालतं, आलेलं असंल तर लिंबू अन् ठेचा दोन्ही बंद, अन् कोमट पाण्यात चिमूट मीठ चिमूट खायचा सोडा टाकून गुळण्या.

डेकेअरची सिस्टर
मी केमो डेकेअरला ड्युटी करते. मावशींनी छान सांगितलंय, त्यात माझं थोडं.

घरात थर्मामीटर पाहिजेच. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांच्या मधे पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात. त्या काळात ताप १००.४ च्या वर गेला तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी दवाखाना गाठायचा, सकाळची वाट बघायची नाही, गावातल्या डॉक्टरकडून इंजेक्शन घेऊन घरी झोपायचं नाही. दुखण्यासाठी पॅरासिटॅमॉल देण्याआधी ताप मोजा, कारण गोळीनं ताप दबतो अन् आतलं इन्फेक्शन कळत नाही. पेशी वाढायचं इंजेक्शन दिलेलं असेल तर त्यानं पण हाडं दुखतात, तेही विचारून घ्या.

उलटीची गोळी लिहून दिलेल्या वेळेला द्यायची, उलटी व्हायची वाट बघून नाही. त्या गोळीनं संडासला घट्ट होतं, त्याचं औषध आधीच मागून घ्या. पण पोट फुगलंय, गॅस पण सरत नाही अन् उलट्या चालू आहेत असं झालं तर ते साधं बद्धकोष्ठ समजू नका. अंडाशयाच्या कॅन्सरमधे आणि पोटाच्या ऑपरेशननंतर आतडं अडकू शकतं, लगेच न्या.

गुळवेल देऊ नका. करोनाच्या काळात गुळवेल घेतल्यावर लिव्हरला सूज आलेले पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलेत, आणि पॅक्लिटॅक्सेल शरीरातून बाहेर काढायचं काम लिव्हरच करतं. आणणाऱ्याचं प्रेम खरं आहे, चूर्ण ठेवून घ्या, द्यायचं नाही. रसवंतीचा रस, गाड्यावरची कापलेली फळं बंद. टँकरचं पाणी असेल तर उकळूनच. आणि पाणी भरपूर पाजा, कार्बोप्लॅटिनचा डोस किडनीच्या रिपोर्टवरून काढतात, आपल्याकडच्या उन्हात अंगातलं पाणी लवकर आटतं. भेटायला येणाऱ्यांना ओसरीतूनच नमस्कार करायला सांगा, सर्दी-खोकलावाल्यांना तर नक्कीच.

धाराशिवचा भाऊ
माझ्या आईची ट्रीटमेंट बार्शीला नर्गिस दत्त हॉस्पिटलमधे झाली. महात्मा फुले योजनेत केमो बसती, कार्ड अन् कागदं सगळी एका फाईलीत ठेवा, प्रत्येक वेळेस लागतात. रेल्वेत कॅन्सर पेशंटला तिकिटात सवलत आहे, सोबतच्या एकाला पण, दवाखान्याचं सर्टिफिकेट लागतं. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहेच, पण केमोच्या दिवशी परतीला शक्यतो गाडी बघा, गर्दीत उभं राहणं त्या अंगाला झेपत नाही.

उदगीरची लेक
तुम्हा सगळ्यांचे खूप आभार. आईला हुकाचं विचारलं तर गप झाली, मग म्हणली शेजारची वहिनी लावून देती. मला घरात राहून कळलं नव्हतं. परभणीच्या मावशींचं सगळं वाचून दाखवलं, डोस उतरवला पण उपचार थांबला नाही हे दोनदा वाचायला लावलं. मावशी, केस कधी आले तुमचे? ती कुणाच्या लग्नाला जायचं नाही म्हणती.

परभणीची मावशी
शेवटची केमो झाल्यावर महिना-दोन महिन्यात बारीक लव यायला लागली, आधी मऊ अन् कुरळे आले. मी सुती स्कार्फ बांधून जवळच्या लग्नाला गेले होते, पण पेशी कमी असतील तेव्हा गर्दी नको, तारीख बघून ठरवा. उद्या फोन लावून सिस्टरला हुकाचं सांगून ठेव, पुढच्या केमोची वाट बघू नको. अन् तपासणीला गेल्यावर तू उत्तर देऊ नको, आईलाच बोलू दे, राहिलेलं तू सांग.