गावोगावच्या यात्रांच्या तारखा एकत्र बसून ठरवाव्यात का?

वेशीवरचा:
मंडळी, सुगी आवरली की आपल्या बेळगाव तालुक्यात यात्रा सुरू होतात त्या मे पर्यंत थांबत नाहीत. माझं म्हणणं एवढंच की दिवाळी झाली की आजूबाजूच्या गावांच्या पंचांनी एकदा एकत्र बसावं. मार्गशीर्ष पौर्णिमेला निम्मं गाव सौंदत्तीला यल्लम्माला, चैत्रात बेळगावच्या चव्हाट गल्लीची सासनकाठी, म्हणजे देवाची उंच मानाची काठी, बैलगाड्या घेऊन जोतिबाला, मग वैशाखात आपल्याकडची शिवजयंती, आणि मधे जे दिवस उरतात त्यातच तीन-चार गावं एकाच दिवशी कुस्ती मैदान ठेवतात. गेल्या साली आमच्या पोरांनी आठ दिवस राबून आखाडा केला, मातीत तेल, हळद, ताक सगळं घातलं आणि चांगले पैलवान सगळे शेजारच्या गावात! मोठ्या पैलवानांची जोड, म्हणजे मोठी कुस्ती, लागलीच नाही. जीव तुटला हो.

पंचांचा नातू:
अजिबात पटलं नाही. यात्रा म्हणजे इव्हेंट न्हवं. आमच्यात देवीला गाऱ्हाणं घालून दिवस ठरतो. वडगावच्या मंगाई देवीची यात्रा आषाढात मंगळवारी, त्याआधी लोक वार पाळतात, शेतात काम करत नाहीत. तो मंगळवार ट्रॅफिकसाठी हलवणार काय? कित्तूर उत्सव 23 ऑक्टोबरलाच का, तर 1824 ला त्या दिवशी कित्तूरच्या राणी चन्नम्मांच्या फौजेनं इंग्रजांना हरवलं म्हणून. तो दिवस हलवा म्हणून कोण म्हणतंय का? मग आमच्या देवीचाच कशाला. आज पंच बसतील, उद्या तारीख ऑफिसातून येईल.

वेशीवरचा:
देवीचा दिवस हलवा असं मी कुठं म्हणलो? शिवजयंतीचंच बघा की. जयंती वैशाख शुद्ध द्वितीयेला, पण चित्ररथ मिरवणूक सहसा त्यानंतर एक-दोन दिवसांनी रात्री निघते. कुणाची श्रद्धा कमी झाली? ओटी, देवीचा गाडा, इंगळ्यांवरून चालणं त्याच दिवशी करा. मैदान, नाटक, ऑर्केस्ट्रा तेवढं पुढंमागं करा.

माहेरवाशीण:
माझं माहेर आणि सासर सहा किलोमीटरवर, दोन्हीकडची यात्रा एकाच मंगळवारी आली. सकाळपासून इकडं पन्नास माणसांचं जेवण, चार वाजता ओटी घेऊन पळाले तर रस्ता जाम, पोचले तेव्हा अंधार. आई दारात वाट बघत बसलेली, माझं ताट झाकून ठेवलेलं. ते दिवस देवीचेच, मान्य. पण पंचांनी आधी एकमेकांना फोन केला असता तर पुढचा मंगळवार पण देवीचाच होता न्हवं?

चिरमुरेवाला:
आमच्यासारख्यांचं पण बघा. चिरमुरे, बत्तासे, खाजा घेऊन आम्ही गाव ते गाव फिरतो, पाळणेवाल्यांचं पण तसंच. एका दिवशी चार यात्रा आल्या की एकच धंदा होतो आणि पुढचे पंधरा दिवस रिकामे.

पंचांचा नातू:
ताईंचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण मैदान दुसऱ्या दिवशी ठेवलं तर बघणार कोण? पै-पाहुणे मटण खाऊन रात्रीच गाड्या काढतात. गर्दी यात्रेच्या दिवशीच असते, वर्गणी पण त्या गर्दीवरच जमते. हे ज्यानं पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरलंय त्यालाच कळतंय.

वेशीवरचा:
शेजारचं गाव त्या दिवशी मोकळं असलं तर तेच येईल की मैदानाला! म्हणून तर म्हणतोय एकदा बसूया.

पंचांचा नातू:
आजोबांच्या कानावर घालतो. पण बसायच्या आधी कागदावर पहिली ओळ ही पाहिजे, देवीच्या दिवसाला हात लावायचा नाही. मग पुढचं बोलू.