प्रिटोरियातले मंडेला: पुतळ्याची जागा चुकली का?

माळावरचा (धागाकर्ता)
प्रिटोरियात युनियन बिल्डिंग्जच्या, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी मुख्यालयाच्या, बागेत नेल्सन मंडेलांचा नऊ मीटर उंच ब्राँझचा पुतळा आहे, हात पसरलेला. दफनविधीच्या दुसऱ्याच दिवशी, १६ डिसेंबर २०१३ ला त्याचं अनावरण झालं. मला तो तिथे खटकतो. इमारत १९१३ ची. तिचे दोन पंख म्हणजे इंग्रज आणि आफ्रिकानर (मुख्यतः डच वंशाचे गोरे). काळ्या लोकांचा त्यात विचारच नव्हता. खरं स्मारक जोहान्सबर्गचं संविधान न्यायालय! जुन्या तुरुंगातली कच्च्या कैद्यांची बराक पाडली आणि तिच्याच विटा न्यायालयाच्या भिंतींत घातल्या. गांधी आणि मंडेला, दोघंही त्या तुरुंगात राहून आलेले.

दुपारचा चहा
साफ असहमत. ९ ऑगस्ट १९५६ ला पासच्या (काळ्यांना सतत जवळ बाळगावा लागणारा परवाना) सक्तीविरुद्ध सुमारे वीस हजार बायका याच इमारतीवर चालून आल्या. अर्जांचे गठ्ठे दिले आणि अर्धा तास गप्प उभ्या राहिल्या. मूग गिळून नव्हे, ठरवून! १९९४ चा मंडेलांचा राष्ट्राध्यक्षपदाचा शपथविधीही इथलाच. वास्तू बांधणाऱ्याची राहते का हो कायम? हाच हर्बर्ट बेकर दिल्लीच्या नॉर्थ आणि साउथ ब्लॉकचाही वास्तुकार. आपणही तिथूनच कारभार हाकला की.

खडूचा तुकडा
शिवाय त्या जागी आधी हर्टझॉग उभे होते. १९३६ मध्ये केप प्रांतातल्या काळ्या मतदारांना गोऱ्यांसोबतच्या सामाईक मतदार यादीतून काढलं, ते यांच्याच पंतप्रधानकीत. त्यांचा पुतळा फोडला नाही, त्याच बागेत बाजूला सरकवला. मला तर पुतळ्यापेक्षा हे सरकवणंच जास्त आवडलं.
(अवांतर: शिल्पकारांनी मंडेलांच्या कानात छोटासा ससा घडवून ठेवला होता. सही करू दिली नाही म्हणून, आणि आफ्रिकान्समध्ये (आफ्रिकानरांची भाषा) ‘हास’ म्हणजे ससाही आणि घाईही! घाईत काम उरकायला लावलं होतं ना. सरकार चिडलं ते चिडलंच.)

माळावरचा
ससा भारीच. बायकांचा मुद्दाही मान्य, पण तो तुमच्यावरच उलटतो. त्यांचं स्मारक त्याच इमारतीत आहे, २००० सालचं: धान्य वाटायचा एक दगड, आपल्या पाट्यासारखा. वीस हजारजणींना एक पाटा आणि एका माणसाला नऊ मीटर?

दुपारचा चहा
पाटा लहान म्हणून मंडेलांना का उठवायचं? पाटा बाहेर आणा, बागेत, त्यांच्या शेजारी.