शिनोळीत बोटं गेली, घर बेळगाव तालुक्यात: भरपाईचा दावा कुठं घालायचा?

उचगावकर
नमस्कार मंडळी. गावातला एक पोरगा, वय 30 पूर्ण, शिनोळी एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टरमार्फत पॉवर प्रेसवर कामाला होता. ऑगस्ट 2025 मध्ये उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलं. पगार 18,000, थोडा बँकेत, थोडा रोख. कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय, 60,000 घे आणि बाँडवर 'काही तक्रार नाही' म्हणून लिहून दे. कारखानेवाले म्हणतात, माणूस आमचा नव्हेच. कारखाना महाराष्ट्रात, घर कर्नाटकात. केस बेळगावला की कोल्हापूरला? की मिटवून टाकावं?

कोर्टाची_पायरी
सही करू नका. आधी हिशेब बघा, मग 60,000 म्हणजे काय ते कळेल.

अपघात 21 नोव्हेंबर 2025 च्या, म्हणजे नवी सामाजिक सुरक्षा संहिता लागू होण्याच्या, आधीचा आहे. त्यामुळं 1923 चा कर्मचारी भरपाई कायदाच लागेल. पगार 18,000 असला तरी हिशेबाला 15,000 च धरतात, 3 जानेवारी 2020 पासून ती कमाल मर्यादा आहे. त्याचे 60 टक्के 9,000. वय 30 चा गुणक 207.98. गुणाकार 18,71,820. एका हाताची दोन बोटं गेली तर कायद्याच्या परिशिष्टात कमाईची हानी 20 टक्के, म्हणजे 3,74,364 रुपये. त्यावर सालाना 12 टक्के सरळ व्याज, वर्षाला 44,900 च्या घरात. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देणं लागते, हे सर्वोच्च न्यायालयानं 1975 मध्येच सांगून ठेवलंय. विनाकारण टाळाटाळ केली तर 50 टक्क्यांपर्यंत दंडही बसू शकतो. मालकाचा विमा असेल तर भरपाई आणि सहसा व्याजही विमा कंपनी भरते, दंड मात्र मालकाच्या खिशातून जातो. वाटाघाटीत हे आठवणीनं बोलून दाखवा.

'आमचा माणूस नव्हे' हे चालत नाही. कारखान्याच्या नेहमीच्या धंद्याचंच काम कॉन्ट्रॅक्टरकडून करून घेतलं असेल तर कलम 12 प्रमाणे मूळ मालक जबाबदार. त्यानं नंतर कॉन्ट्रॅक्टरकडून वसूल करावं, तो त्यांचा प्रश्न.

कुठं घालायचा: कलम 21 प्रमाणे अपघात झाला तिथं, कामगार राहतो तिथं, किंवा मालकाचं नोंदणीकृत कार्यालय आहे तिथं. म्हणजे बेळगावात चालतं. इथं सीनियर सिव्हिल जज्ज कमिशनर म्हणून, म्हणजे भरपाईचे दावे ऐकणारा अधिकारी म्हणून, ऐकतात. फक्त अपघाताच्या भागातल्या कमिशनरला आणि तिकडच्या सरकारला नोटीस जावी लागते, ती राहिली तर प्रकरण तिथंच अडकतं. अपील बेळगावहून धारवाड खंडपीठाकडं. कोल्हापूरला घातलं तर ऑगस्ट 2025 पासून तिथं मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतंय, त्यामुळं अपिलाला मुंबई गाठायची गरज नाही. तरी तारखांना ये-जा कोण करणार ते बघून ठरवा. मुदत अपघातापासून 2 वर्षं.

प्रेसशॉप_सुपरवायझर
पायरीसाहेब, एक दगड आधी उचलायला हवा होता: ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना. पगार तिच्या 21,000 च्या मर्यादेच्या आत आहे. तो विमाधारक असेल तर ईएसआय कायद्याच्या कलम 53 मुळं हा दावा मुळातच टिकत नाही. दोन वर्षं तारखा घालून शेवटी 'ईएसआयकडं जा' असं ऐकायला मिळतं. बेळगाव पट्ट्यात हीच चूक सगळ्यात जास्त होते.

कोर्टाची_पायरी
बरोबर, तो मुद्दा माझ्याकडून सुटला.

उचगावकर
त्याच्या पगारपत्रात ईएसआयची कपात दिसत नाही. आयपी नंबरही (विमाधारकाचा क्रमांक) नाही म्हणतो.

प्रेसशॉप_सुपरवायझर
कपात नाही म्हणजे सुटका नाही, भाऊ. वर्गणी 'भरली' नसली तरी 'देय' होती का, ते बघतात. विमाधारकाच्या व्याख्येतच तो शब्द आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानंही नोंदणी राहिलेल्या कामगाराला विमाधारक धरलेलं आहे. म्हणून दोन गोष्टी ईएसआय शाखेला लेखी विचारा: शिनोळीचा तालुका योजनेत नोटिफाय आहे का, म्हणजे तिथं योजना लागू आहे का, आणि कारखाना किंवा कॉन्ट्रॅक्टर यांचा ईएसआय नोंदणीचा कोड आहे का. पोहोच घ्या. उत्तर 'होय' आलं तर दावा ईएसआयकडंच. बुडालेली वर्गणी ते मालकाकडून वसूल करतात.

आणि ईएसआय म्हणजे नुकसानच, असं नाही. कामावरच्या अपघाताला किमान वर्गणीची अट नसते. रोजची सरासरी मजुरी 600 धरली, तर 90 टक्के 540, त्याचे 20 टक्के 108 रुपये रोज, महिन्याला 3,240 च्या आसपास, आणि तेही आयुष्यभर. बरं होईपर्यंतच्या सुट्टीचे 90 टक्के वेगळे. टक्का मेडिकल बोर्ड ठरवतं.

उत्तर 'नाही' आलं तरच बेळगावचा दावा.

फाइल_नीट_ठेवा
दोन्ही वाटांना कागद हेच लागतात:

हजेरी आणि पगाराचा पुरावा. रोख भागासाठी सोबतचे दोन कामगार साक्षीला, नाहीतर बँकेत दिसतो तेवढाच पगार धरतात. गेट पास, व्हॉट्सॲपवरच्या शिफ्टचे मेसेज, दवाखान्यात दाखल करताना कोणी काय कारण लिहिलं तो कागद. तिथं 'घरी पडून लागलं' असं लिहून घेतलेलं असेल तर केस निम्मी तिथंच गेली. कारखान्यानं निरीक्षकांना दिलेली अपघाताची सूचना महाराष्ट्राच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडं माहिती अधिकारात मागा.

पंचनामा, पोलिसांचे कागद मराठीत असतील. बेळगावच्या कोर्टात कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर जोडा, नाहीतर साक्षीच्या दिवशी वकील हातात मराठी कागद घेऊन उभे राहतात.

डॉक्टरांचा दाखला 'हाताचं अपंगत्व इतके टक्के' एवढाच नको. प्रेसचं काम, पकड, वजन उचलणं, यातलं काय गेलं ते लिहून घ्या, आणि डॉक्टर साक्षीला येतील ना ते आधी विचारा. शरीराचं अपंगत्व आणि कमाईची ताकद या दोन गोष्टी वेगळ्या. कर्नाटकातल्याच एका ट्रक ड्रायव्हरच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये 37 टक्के अपंगत्व असताना कमाईची हानी 100 टक्के धरली, कारण गाडी चालवणंच बंद झालं होतं. दोन बोटांवर तेवढं मिळेल असं नाही, पण 20 टक्क्यांच्या वर मागायला हरकत नाही.

कारखाना एक बचाव नक्की घेईल: 'यानंच गार्ड (यंत्रावरचं संरक्षक झाकण) काढला'. कायमचं अंशतः अपंगत्व असेल तर हा बचाव ऐकला जातो, पूर्ण अपंगत्व किंवा मृत्यू असेल तर नाही. पण मुद्दाम काढलेला असायला हवा, नुसता निष्काळजीपणा पुरत नाही. गार्ड आधीपासूनच नव्हता याचा फोटो किंवा साक्षीदार शोधा.

खानापूर_लोंढा
मध्येच विचारतो: कामाला जाताना मोटारसायकलवर अपघात झाला तर?

कोर्टाची_पायरी
चालतं. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं धाराशिवच्या साखर कारखान्यातल्या वॉचमनच्या घरच्यांची भरपाई परत कायम केली. पहाटे 3 च्या ड्यूटीला निघालेला माणूस, 2003 मधला अपघात. अट एवढीच: वेळ, रस्ता, ठिकाण यांचा कामाशी संबंध दिसायला हवा. वाटेत भलतीकडं वळलात तर अवघड.

उचगावकर
आणि तो 60,000 चा बाँड? पोराला औषधाला पैसे हवेत.

फाइल_नीट_ठेवा
हक्क सोडून दिल्याचा मजकूर कलम 17 प्रमाणे कुचकामी. करार कमिशनरकडं नोंदवावा लागतो आणि रक्कम अपुरी वाटली तर ते नोंद नाकारू शकतात. नोंदवलाच नाही, तर पुढं मालकाला कमिशनरच्या आदेशाशिवाय दिलेल्या पैशातले निम्म्याहून जास्त वजा करता येत नाहीत. म्हणजे 60,000 मधले 30,000. तेव्हा पैसे घ्यायचेच असतील तर बँकेतून घ्या आणि पावतीवर 'औषधोपचारासाठी आगाऊ' एवढंच लिहा, बाँड नको.