यंग इंडियाच्या दोन तबकड्या, नंबर एकच, लेबलं वेगळी. आधीची कोणती?

मंडळी, आजोबांच्या गिरगावातल्या खोलीतून ७८ आरपीएमच्या तबकड्यांची पेटी घरी आली. बऱ्याचशा एचएमव्हीच्या. अडलंय ते 'यंग इंडिया'पाशी. एकाच भावगीताच्या दोन आहेत (एक फुटली तर असू दे म्हणून दुसरी घेतली असणार, स्वभावच तसा!). लेबलवरचा नंबर तोच. पण एकीचं लेबल गुळगुळीत, अक्षरं ठसठशीत. दुसरीचा कागद खरबरीत, शाई पसरलेली. ती वाजतानाही जास्त खरखरते.

'यंग इंडिया' हा छाप नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचा, १९३५ ते १९५५ चा, आणि तबकड्या निघायच्या आपल्या वडाळ्यात. कलकत्त्याच्या मेगाफोन, हिंदुस्थान, सेनोला या छापांच्या तबकड्या एचएमव्हीवाल्या ग्रामोफोन कंपनीच्याच डमडमच्या कारखान्यात बनत. इथे तसं नाही. मग कारखाना तोच असताना लेबल का बदललं? एक विक्रेता म्हणाला, "नंतर कोणीतरी डकवलंय." पटत नाही. कोणी सांगेल का?

प्रतिसाद १
पटवून घेऊही नका, ताई. ७८ च्या तबकडीला लेबल डकवत नसत. लाखेच्या मिश्रणाचा तापवलेला गोळा दोन साच्यांमध्ये ठेवायचा, वर-खाली लेबलं, आणि एकदम दाबायचं. कागद तिथेच रुतून बसतो. त्यात ओल राहिली तर फोड येतात, म्हणून लेबलं आधी भाजून कोरडी करत. नखानं कड उचलून बघा, उचलणार नाही.

मात्र लेबलावरून साल काढायला जाऊ नका. छापलेला गठ्ठा संपेपर्यंत तोच वापरायचा, हा छोट्या कंपन्यांचा हिशेब. लेबल आणि सुई फिरते त्या रेघा यांच्यामधला कोरा पट्टा बघा, दिव्याखाली तबकडी तिरपी धरून. साचा झिजला की मूळ ध्वनिमुद्रणावरून नवा काढत. म्हणजे गाणं तेच, साचा वेगळा, आणि त्याची खूण कधीकधी तिथेच सापडते.

प्रतिसाद २
खरखरीवरून काही ठरवू नका. लाखेत दगडाची भुकटी असतेच, ती भरड पडली की आवाज येतो. आणि सुई कधी बदललीत? स्टीलची असेल तर दर बाजूला नवी हवी.

धागाकर्ती
सुई जुनीच होती, कबूल! नवी लावली, तरी दुसरी थोडी खरखरतेच. पट्ट्यातला नंबर दोन्हींवर सारखा. खरबरीत लेबलवालीवर त्यापुढे आणखी काहीतरी बारीक कोरलंय, फोटोत येत नाही. पातळ कागद ठेवून पेन्सिल हलकेच घासून बघते, उमटलं तर इथे टाकते.