सल्ला हवा : मालर यांच्या 'अडाजिएत्तो'साठी योग्य लय आणि ध्वनिमुद्रण कोणते?

विलंबितप्रेमी :
नमस्कार. मी मुख्यतः ख्यालगायकी ऐकतो आणि सध्या ऑस्ट्रियन संगीतकार गुस्ताव्ह मालर यांच्या पाचव्या सिंफनीतील (वाद्यवृंदासाठीच्या अनेक भागांच्या रचनेतील) चौथा भाग, 'अडाजिएत्तो', ऐकत आहे. माझ्याकडे त्याची दोन ध्वनिमुद्रणे आहेत. एक आठ मिनिटांच्या आत संपते, तर दुसरे जवळपास चौदा मिनिटे चालते. पहिले ऐकून मन प्रसन्न होते, दुसरे ऐकताना मात्र कोणाचा तरी कायमचा निरोप घेत असल्यासारखे वाटते. हा भाग मायनर सप्तकात, म्हणजे कोमल गांधाराच्या, सहसा उदास वाटणाऱ्या पाश्चात्त्य सप्तकात आहे का? योग्य लय कोणती मानावी आणि सुरुवात कोठून करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

तंतुवाद्य :
हा भाग मायनरमध्ये नाही, एफ मेजरमध्ये, म्हणजे 'एफ' या स्वरापासून सुरू होणाऱ्या शुद्ध गांधाराच्या सप्तकात आहे. तरीही तो व्याकूळ का वाटतो, हे आपल्या स्वरनामांनी चांगले सांगता येईल. एफ हा षड्ज मानल्यास व्हायोलिनची धून पंचम, धैवत अशी चढत शुद्ध निषादावर येते आणि ऐन ठोक्यावर तेथेच थांबून मग षड्जावर विसावते. असे अडून राहिलेले स्वर या भागात जागोजागी आहेत, आणि लय जितकी संथ, तितकी ही अडवणूक लांबते. आपल्या दोन ध्वनिमुद्रणांतील भावनेचा फरक मुख्यतः येथून येतो, असे माझे मत आहे. शिवाय येथे फक्त तंतुवाद्ये आणि हार्प आहेत, फुंकवाद्ये आणि तालवाद्ये पूर्ण गप्प असतात. त्यामुळे लय धरून ठेवणारे ठळक असे काही नसते आणि वाद्यवृंद संचालक ती हवी तशी ताणू शकतो.

मालर यांनी आरंभी 'अतिशय संथ' असे लिहिले आहे हे खरे, परंतु पुढे 'रेंगाळू नका' अशीही सूचना दिली आहे. मालर यांचे स्नेही, डच संचालक विलेम मेंगेलबर्ग यांनी आपल्या स्वरलिपीच्या प्रतीत हा भाग म्हणजे मालर यांनी पत्नी आल्मा यांना लिहिलेले प्रेमपत्र असल्याची नोंद केली होती, आणि त्यांच्या 1926 च्या ध्वनिमुद्रणात तो सुमारे सात मिनिटांत संपतो. उलट, 1968 साली अमेरिकन नेते रॉबर्ट केनेडी यांच्या अंत्यविधीत संचालक लेनर्ड बर्नस्टाईन यांनी हाच भाग वाजवला आणि 1971 मध्ये व्हेनिसमध्ये घडणाऱ्या एका चित्रपटामुळे तो जगभर पोहोचला. शोकाचा अर्थ त्यानंतर अधिकच पक्का झाला.

आपण संचालक ब्रूनो वॉल्टर यांच्या 1938 च्या, व्हिएन्ना फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रणापासून सुरुवात करावी, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. वॉल्टर यांनी मालर यांच्या हाताखाली काम केले होते आणि त्यांची लयही आठ मिनिटांच्या आतली आहे. आवाज जुना आहे, तरीही धून एका श्वासात गायल्यासारखी सलग राहते. त्यानंतर बर्नस्टाईन यांचे 1987 चे, अकरा मिनिटांहून मोठे ध्वनिमुद्रण ऐकावे. चौदा मिनिटांची लय मला मान्य नाही, कारण तेथे स्वरवाक्ये तुटतात.

गुरुलघू :
वरील मताशी सहमत आहे. तुलनेसाठी बीथोव्हेन यांच्या सातव्या सिंफनीतील दुसरा भाग अवश्य ऐकावा. तो ए मायनरमध्ये आहे, पण लयीची सूचना 'अलेग्रेत्तो', म्हणजे मध्यम गतीची. गुरु, लघु, लघु, गुरु, गुरु हा आकृतिबंध जवळजवळ अखंड चालू राहतो, त्यामुळे दुःख असूनही पाऊल थांबत नाही. 1813 साली व्हिएन्नातील पहिल्याच प्रयोगात श्रोत्यांनी हा भाग पुन्हा वाजवायला लावला होता.

विलंबितप्रेमी :
दोघांचेही मनःपूर्वक आभार. 'अडाजिएत्तो' स्वतंत्रपणे ऐकावा, की संपूर्ण सिंफनीसह?

तंतुवाद्य :
निदान पाचव्या भागासह तरी ऐकावा. अडाजिएत्तो संपताच हॉर्न हे फुंकवाद्य 'ए' हा एकच स्वर धरते. एफ मेजरमधला हा गांधार पुढच्या डी मेजरमध्ये पंचम ठरतो आणि तेथून आनंदाचा अंतिम भाग सुरू होतो. त्यातच अडाजिएत्तोच्या मधल्या भागातील धून द्रुत गतीत परत येते. चौथा भाग फार संथ वाजवल्यास ती ओळखू येणे कठीण जाते, आणि वॉल्टर यांच्यासारख्या वाहत्या लयीचा आग्रह मी धरतो, त्यामागे हेही एक कारण आहे. मात्र त्यांचे 1938 चे ध्वनिमुद्रण केवळ याच भागाचे असल्यामुळे, संपूर्ण सिंफनीसाठी त्यांचे 1947 चे न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे ध्वनिमुद्रण घ्यावे.